क्रूझवर 'लक्झरी' म्हणजे नेमकं काय? 'सगळे ड्रिंक्स फ्री' या ऑफरचं गणित समजून घ्या

ही रील तुम्हीही पाहिली असेल. पांढरंशुभ्र जहाज, बाल्कनीत दोन खुर्च्या, समोर मावळणारा सूर्य आणि हातात कागदी छत्री खोचलेला ग्लास. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'अनलिमिटेड फूड, अनलिमिटेड ड्रिंक्स, फुल लक्झरी!' खाली कमेंटमध्ये फिरून फिरून दोनच प्रश्न येतात. 'प्राइस?' आणि 'दारू खरंच फ्री असते का?'

या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. कारण क्रूझच्या धंद्यात 'लक्झरी' हा शब्द कुणीही वापरू शकतं. पाच हजार माणसांचं जहाजही लक्झरी आणि तीनशे माणसांचं जहाजही लक्झरी. आई-बाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला किंवा स्वतःच्या हनिमूनला तुम्ही दोन-चार लाख रुपये घालणार असाल, तर त्या शब्दामागे काय आहे हे बुकिंगच्या आधी कळलेलं बरं.

थोडक्यात सांगायचं तर क्रूझवर लक्झरी तीन गोष्टींनी जाणवते. गर्दी नसणं, वाट पाहावी न लागणं आणि डोक्यात सतत हिशोब न चालणं. फ्री ड्रिंक्स यातली फक्त तिसरी गोष्ट देतात. पहिल्या दोन कुठल्याही पॅकेजमध्ये विकत मिळत नाहीत, त्या जहाजातच असाव्या लागतात.

आता एकेक गोष्ट नीट पाहू.

क्रूझ हा प्रकार सुरू कसा झाला?

पूर्वी जहाजानं जायचं ते कुठेतरी पोहोचण्यासाठी. युरोपातून अमेरिकेला जाणाऱ्या जहाजांना उन्हाळ्यात गर्दी असायची, पण हिवाळ्यात खवळलेला अटलांटिक ओलांडायला फारसं कुणी यायचं नाही आणि जहाजं रिकामी पडायची. जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या एका जहाज कंपनीतले अल्बर्ट बॅलिन यांनी यावर डोकं चालवलं. जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज २४१ प्रवाशांना घेऊन भूमध्य समुद्रात नुसतं फिरायला पाठवलं. बंदरं बघायची, परत जहाजावर यायचं, जेवायचं, झोपायचं. साधारण दोन महिन्यांची ही सहल आधुनिक क्रूझची सुरुवात मानली जाते.

पुढे १९०० मध्ये याच कंपनीनं फक्त सहलीसाठी बांधलेलं 'प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे' हे जहाज पाण्यात उतरवलं. त्यावरच्या प्रवाशांच्या सगळ्या केबिन फर्स्ट क्लासच्या होत्या. म्हणजे सुरुवातीला क्रूझ आणि लक्झरी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

चित्र बदललं ते १९७० च्या दशकात. १९७२ मध्ये टेड अ‍ॅरिसन यांनी कार्निव्हल कंपनी सुरू केली आणि 'फन शिप' म्हणत मध्यमवर्गाला जहाजावर आणलं. १९७७ पासून अमेरिकेत 'द लव्ह बोट' ही टीव्ही मालिका लागली आणि क्रूझची हवा झाली. जहाजं मोठी होत गेली, माणशी भाडं आवाक्यात आलं. ते आवाक्यात आलं म्हणूनच आज आपल्याकडची कुटुंबं सिंगापूरहून किंवा मुंबईहून क्रूझ करू शकतात. पण भाडं कमी करताना जी गोष्ट कमी झाली, ती म्हणजे माणशी जागा.

पहिली गोष्ट : माणशी जागा किती?

जहाजाच्या माहितीत 'ग्रॉस टनेज' असा एक आकडा असतो. नावात 'टन' असल्यानं आपल्याला ते जहाजाचं वजन वाटतं, पण ते वजन नसतं. जहाजाच्या आत बंदिस्त जागा किती आहे, त्यावरून हा आकडा काढतात. या आकड्याला प्रवाशांच्या संख्येनं भागलं, की 'स्पेस रेशो' मिळतो. सोप्या भाषेत, माझ्या वाट्याला किती जहाज आलं ते.

काही उदाहरणं बघा.

* 'आयकॉन ऑफ द सीज' हे रॉयल कॅरिबियनचं महाकाय जहाज जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. ग्रॉस टनेज २,४८,६६३. एका केबिनमध्ये दोघं धरली तर ५,६१० प्रवासी. रेशो येतो साधारण ४४.

* 'सेव्हन सीज एक्सप्लोरर' हे रीजेंट कंपनीचं २०१६ चं जहाज. ग्रॉस टनेज ५५,२५४ आणि प्रवासी सुमारे ७५०. रेशो साधारण ७४.

* 'एम्प्रेस' हे कॉर्डेलिया कंपनीचं, मुंबईहून गोव्याला जाणारं आपल्या ओळखीचं जहाज. ते १९९० मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावानं रॉयल कॅरिबियनसाठी बांधलं होतं. ग्रॉस टनेज सुमारे ४८,५००, एका केबिनमध्ये दोघं धरली तर १,६०० च्या आसपास प्रवासी. रेशो साधारण ३०.

गंमत बघा. 'एक्सप्लोरर' आणि 'एम्प्रेस' यांच्या आकारात फार फरक नाही. पण एकावर दुसऱ्यापेक्षा दुपटीहून जास्त माणसं आहेत. सगळ्यात मोठं जहाज 'आयकॉन', पण माणशी जागा सर्वात जास्त 'एक्सप्लोरर'वर. त्यामुळे 'जगातलं सर्वात मोठं जहाज' आणि 'जगातलं सर्वात आलिशान जहाज' या दोन वेगळ्या स्पर्धा आहेत.

हा रेशो प्रत्यक्षात कुठे जाणवतो? स्विमिंग पूलजवळच्या खुर्च्यांवर. मोठ्या जहाजावर सकाळीच टॉवेल टाकून खुर्ची अडवणारी मंडळी असतात. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायचो, तोच प्रकार. लक्झरी जहाजावर हा प्रश्न सहसा येत नाही. लिफ्टची वाट, नाश्त्याच्या बुफेची रांग, बंदरावर उतरताना तासभर ताटकळणं हे सगळं याच एका आकड्याशी जोडलेलं आहे.

एक लक्षात ठेवा. हा रेशो दर केबिनला दोन माणसं धरून काढतात. दिवाळी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत एका केबिनमध्ये तीन-चार जण असतात. 'आयकॉन'वर तेव्हा ७,६०० पर्यंत प्रवासी मावतात. जहाज तेवढंच राहतं, तुमच्या वाट्याची जागा कमी होते.

दुसरी गोष्ट : तुमच्यामागे किती माणसं राबतात?

'आयकॉन'वर सुमारे २,३५० कर्मचारी आहेत. म्हणजे साधारण २.४ प्रवाशांमागे एक. 'एक्सप्लोरर'वर सुमारे ५४० कर्मचारी, म्हणजे दीड प्रवाशालाही एक पूर्ण माणूस येतो. रिट्झ-कार्लटनची 'एव्हरीमा' ही २०२२ मध्ये सुरू झालेली यॉट तर फक्त २९८ प्रवाशांची आहे.

लग्नात पंगतीला वाढपी भरपूर असले, की ताटातली कोशिंबीर संपायच्या आत समोर येते. वाढपी कमी असले, की तुम्ही हात वर करून बसता. जेवण दोन्हीकडे तेच असू शकतं, पण एकीकडे तुम्ही पाहुणे असता आणि दुसरीकडे रांगेतले एक. क्रूझवर चौथ्या दिवशी बारवाल्यानं न विचारता तुमचं लिंबूपाणी बिनसाखरेचं आणून दिलं, तर ती आठवण झुंबरापेक्षा जास्त दिवस टिकते.

पण ही सेवा हवेतून येत नाही. क्रूझ जहाजांवर फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारतातली माणसं मोठ्या संख्येनं काम करतात. गोव्यात तर हा पिढ्यान् पिढ्यांचा व्यवसाय आहे. जहाजावर जाणाऱ्याला तिथे 'तारवटी' म्हणतात. बहुतेक करार सहा ते नऊ महिन्यांचे असतात आणि त्या काळात आठवड्याची सुट्टी हा प्रकार जवळपास नसतो. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार (भारतानं तो २०१५ मध्ये स्वीकारला) कर्मचाऱ्याला २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायलाच हवी. उलट्या बाजूनं वाचलं, तर दिवसाला १४ तासांपर्यंत काम या नियमात बसतं.

एप्रिल २०२० मध्ये 'मरेला डिस्कव्हरी' या क्रूझ जहाजावरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबई बंदराबाहेर अडकले होते, हे काहींना आठवत असेल. लॉकडाऊनमुळे त्यांना उतरायची परवानगी मिळत नव्हती. अखेर २३ एप्रिलला ते मुंबईत उतरले. त्यांच्यात गोव्याचे बरेच जण होते. रीलमध्ये ग्लास दिसतो, तो आणून देणारा हात फ्रेमबाहेर राहतो. म्हणून पुढे टिपचा मुद्दा येईल तेव्हा ही माणसं लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट : खिशात हात घालावा लागतो का?

आता येऊ फ्री ड्रिंक्सकडे.

पैसे देताना आपल्याला किंचित दुखतं. वर्तनशास्त्रात याला 'पैसे देण्याची वेदना' असंच म्हणतात. टॅक्सीत मीटर पडताना दिसत राहिला, की प्रवासाची मजा जाते. तेच भाडं आधी ठरलेलं असेल, तर आपण खिडकीबाहेर बघतो. अनलिमिटेड थाळीचं आकर्षण हेच असतं. तिसरी पुरणपोळी घेताना किंमत विचारायची नसते.

सुट्टीच्या धंद्यातल्या लोकांना हे फार पूर्वी कळलं. १९५० मध्ये सुरू झालेल्या 'क्लब मेड' या फ्रेंच कंपनीच्या रिसॉर्टमध्ये पाहुणे बारमध्ये नोटांऐवजी गळ्यातल्या माळेचे मणी देत. पैसे आधीच गेलेले असत, मणी देताना काही वाटत नसे.

क्रूझवर मात्र बराच काळ भाड्यात जेवण आणि पेयांचं बिल वेगळं, अशीच पद्धत होती. अगदी १९१२ च्या 'टायटॅनिक'वरही फर्स्ट क्लासच्या प्रवाशांसाठी एक खास रेस्टॉरंट होतं आणि तिथे जेवायचे पैसे वेगळे पडत. १९९४ मध्ये इटलीतल्या लेफेव्हर कुटुंबानं 'सिल्व्हरसी' कंपनी सुरू केली, तेव्हा भाड्यातच पेयं आणि टिप घातली. आज सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजेंट अशा कंपन्यांत हीच रीत आहे. रीजेंट तर बंदरांवरच्या बऱ्याच सहलीही भाड्यात धरते. अशा जहाजावर शेवटच्या रात्री दाराखालून बिल सरकवलं जात नाही, आणि सरकवलं तरी ते छोटं असतं.

मग मोठ्या जहाजावरचं 'ड्रिंक्स पॅकेज' म्हणजे तेच ना?

नाही. सगळा घोळ इथेच होतो.

मोठ्या जहाजांचा धंदा दोन पायांवर उभा असतो. एक तिकीट आणि दुसरा जहाजावरचा खर्च, म्हणजे दारू, कसिनो, स्पा, सहली, वाय-फाय. रॉयल कॅरिबियनच्या २०२३ च्या एकूण उत्पन्नात हा दुसरा पाय साधारण ३० टक्के होता. म्हणजे तिकीट स्वस्त दिसतं, कारण उरलेली वसुली आत व्हायची असते. ड्रिंक्स पॅकेज हा त्याच वसुलीचा आगाऊ भरायचा प्रकार आहे.

गणित करून बघू. दर जहाजागणिक आणि तारखेगणिक बदलतात, म्हणून हे आकडे फक्त उदाहरणासाठी.

समजा, पॅकेज माणशी रोज ७० डॉलर आहे. त्यावर १८ टक्के टिप, म्हणजे ८२ डॉलर ६० सेंट. एक कॉकटेल १३ डॉलरचं, टिप धरून १५ डॉलर ३४ सेंट. आता भागा. पॅकेज वसूल व्हायला रोज साडेपाच ग्लास लागतात. म्हणजे सहाव्या ग्लासापासून तुमचा फायदा सुरू. तोही रोज, सातही दिवस. बंदरावर उतरून सकाळपासून संध्याकाळपर्यंत गावात फिरलात, त्या दिवसाचे पैसेही धरलेले असतात.

सात रात्रींसाठी नवरा-बायकोचं मिळून हे १,१५६ डॉलर होतात. रुपयांत साधारण लाखभर. आणि पॅकेज 'वसूल' करायला रोज सहा-सहा ग्लास पिणं ही सुट्टी आहे की शिक्षा, हे तुमचं तुम्ही ठरवा. तब्येतीला ते चांगलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

बारीक अक्षरांत काय लिहिलेलं असतं?

'अनलिमिटेड'ला लिमिट असू शकतं. कार्निव्हलच्या 'चीअर्स' पॅकेजमध्ये २४ तासांत दारूचे १५ ग्लास ही मर्यादा आहे.

एकानं घेतलं तर सगळ्यांनी घ्यायचं. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन या दोन्हीकडे केबिनमधल्या एका प्रौढ प्रवाशानं दारूचं पॅकेज घेतलं, की सर्वसाधारणपणे त्याच केबिनमधल्या इतर प्रौढांनाही घ्यावं लागतं. एकानं घेऊन दोघांनी पिऊ नये, म्हणून हा नियम. नवरा पितो आणि बायको पीत नाही, अशा जोडप्याचं गणित इथेच कोसळतं.

फ्री असूनही टिप भरायची. नॉर्वेजियन क्रूझ लाइनची 'फ्री अ‍ॅट सी' ही ऑफर बरीच वर्षं गाजली. त्यात ड्रिंक्सचं पॅकेज 'फ्री' होतं, पण त्यावरची टिप प्रवाशालाच भरावी लागायची.

ग्लासची किंमत ठरलेली असते. ठरावीक किमतीच्या वरची वाइन किंवा सिंगल मॉल्ट मागितली, तर पॅकेज असूनही पैसे पडू शकतात.

वयाची अट जागेनुसार बदलते. रॉयल कॅरिबियनमध्ये अमेरिकेहून निघणाऱ्या जहाजावर दारूसाठी वय २१ लागतं, युरोपातून निघणाऱ्या जहाजांवर सहसा १८.

आमच्या घरात कुणी पीतच नाही. मग?

मग ऑल-इन्क्लुझिव्ह लक्झरी जहाजावर तुम्ही इतरांच्या शॅम्पेनचे पैसे भरताय, हे सरळ आहे. न पिणाऱ्याला तिथे सहसा भाड्यात सूट मिळत नाही. तरीही टिप, वाय-फाय, सहली आणि ऐसपैस जागा यांचा हिशोब केला, तर काहींना ते परवडतं.

मोठ्या जहाजावर उलट आहे. साधं पाणी, चहा, फिल्टर कॉफी मशीनची कॉफी, नाश्त्याचा ज्यूस हे बहुतेक ठिकाणी भाड्यातच येतं. न पिणाऱ्या कुटुंबानं दारूचं पॅकेज घ्यायची गरजच नाही. फार तर सॉफ्ट ड्रिंक्सचं वेगळं स्वस्त पॅकेज असतं. तेवढ्या पैशांत बाल्कनीची केबिन मिळत असेल, तर ती घ्या. सकाळी स्वतःच्या बाल्कनीत, कुणाची रांग नसताना घेतलेला चहा 'लक्झरी'च्या जास्त जवळ जातो.

तिसरा मार्गही आहे. वायकिंग कंपनीच्या समुद्रातल्या जहाजांवर दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणासोबत वाइन आणि बिअर भाड्यात असते. पण तिथे कसिनो नाही आणि १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. काय नाही, हीच त्यांची जाहिरात. शांतता हवी असलेल्यांना ती लक्झरी वाटते, दोन मुलं घेऊन जाणाऱ्यांच्या ती काही कामाची नाही.

मोठ्या जहाजावर लक्झरी मिळतच नाही का?

मिळते, पण दाराआड. एमएससी कंपनीनं २००८ मध्ये 'यॉट क्लब' आणला. जहाजाचा एक भाग वेगळा काढलेला, त्याला वेगळं रेस्टॉरंट, वेगळा पूल आणि वेगळी लाउंज. नॉर्वेजियनचं 'द हेवन' तसंच. याला 'जहाजातलं जहाज' म्हणतात. तिथल्या प्रवाशाला माणशी जागा आणि कर्मचारी लक्झरी जहाजासारखे मिळतात आणि बाहेरचे मोठे शो, घसरगुंड्याही मिळतात. शंभर वर्षांपूर्वीचा फर्स्ट क्लास कीकार्डच्या रूपानं परत आला, असंही म्हणता येईल.

बुक करण्याआधी हे सहा प्रश्न विचारा

१. ग्रॉस टनेज किती आणि प्रवासी किती? भागाकार तुम्हीच करा. ३० च्या आसपास असेल तर गर्दी गृहीत धरा, ५० च्या वर मोकळं वाटेल, ७० च्या पुढे खरी ऐसपैस जागा.

२. किती प्रवाशांमागे एक कर्मचारी?

३. भाड्यात टिप आहे का? नसेल तर मोठ्या जहाजांवर माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर वेगळे धरा. काही जण ही टिप काउंटरवर जाऊन रद्द करून घेतात. ती रद्द केली, की फटका कंपनीला नाही, केबिन झाडणाऱ्याला आणि जेवण वाढणाऱ्याला बसतो.

४. ड्रिंक्स 'इन्क्लुडेड' म्हणजे कोणते, कुठे आणि दिवसाला किती?

५. पोर्ट चार्जेस आणि कर धरून शेवटचा आकडा काय? परदेशी टूर पॅकेजवर टीसीएसही कापला जातो. तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये जमा धरता येतो, पण आत्ता खिशातून जातोच.

६. आपण सुट्टीच्या नेहमीच्या दिवशी खरंच किती पितो? हे एजंटला नाही, स्वतःला विचारा.

या सहा उत्तरांनंतर साध्या जहाजावरची बाल्कनी जास्त मोलाची वाटली, तर तसं करा. लक्झरी जहाजावरच्या चार रात्री मोठ्या जहाजावरच्या आठ रात्रींपेक्षा बऱ्या वाटल्या, तर तेही चूक नाही. फक्त 'फ्री ड्रिंक्स' बघून एखाद्या क्रूझला लक्झरी म्हणू नका. ग्लास फुकट असला आणि तो घ्यायला वीस मिनिटं रांगेत उभं राहावं लागलं, तर त्याची किंमत तुम्ही वेळेत मोजलेली असते.